किहीमचा पावसाळा

सलीम अलींचे नाव निघाले, की बहुतेकांना ती पिवळ्या कंठाची चिमणी आठवते. दहा-बारा वर्षांच्या, आईबापांवेगळ्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून तो चकित झाला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे धाडले आणि त्या भल्या इंग्रजाने पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा खजिना त्याच्यापुढे उघडला. गोष्ट खरी आहे आणि गोडही आहे. पण ती ऐकताना असे वाटते, की चिमणी पडली त्याच दिवशी पुढचे सारे ठरून गेले. मला मात्र त्यांच्या आयुष्याचा खरा सांधा दिसतो तो पुढे वीस-बावीस वर्षांनी, कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या किहीम गावी.

तोवरचा हिशेब पाहिला तर कोणत्याही वडीलधाऱ्याने कपाळाला हात लावला असता. १२ नोव्हेंबर १८९६ चा जन्म, वाढ गिरगावातल्या खेतवाडीतली. कॉलेजात मन रमेना म्हणून स्वारी ब्रह्मदेशात गेली. तेथे तावॉयला घरच्या वुल्फ्रामच्या खाणी होत्या. जंगलात हिंडणे उत्तम जमले, धंदा जमला नाही. १९१८ साली तेहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. पुन्हा ब्रह्मदेश, आणि पुन्हा रिकाम्या हाताने मुंबई. पक्षितज्ज्ञाची सरकारी जागा होती, पण ती पदवीवाचून मिळेना. अखेर १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय) व्याख्याता-मार्गदर्शकाची नोकरी लागली. पगार महिना ३५० रुपये. त्या काळी चांगलाच.

पण दुसरा कोणी तेवढ्यावर सुखाने बसला असता, तिथे या गृहस्थांना शास्त्रशुद्ध शिक्षणाची ओढ लागली. रजा काढून ते १९२९ साली बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे गेले. श्ट्रेझेमान म्हणजे पक्षिशास्त्रातले मोठे आचार्य. सलीम अली त्यांना आयुष्यभर गुरू मानीत. तिथली विद्या घेऊन १९३० मध्ये परत येऊन पाहतात, तो पैशाच्या टंचाईमुळे नोकरीची जागाच रद्द झालेली! वय चौतिशीच्या घरात, हाती विद्या ताजी आणि खिसा रिता. मुंबईचा खर्च झेपेना, तेव्हा नवराबायकोंनी किहीमला बिऱ्हाड नेले.

आणि तिथे त्यांना सुगरण भेटली.

सुगरण पक्षी आपण सर्वांनीच पाहिला आहे. निदान त्याचा खोपा तरी. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यात तो खोपा विणते ती पिलाची आई. आपल्या भाषेनेही त्या पक्ष्याला नाव दिले ते स्त्रीलिंगी. पण विणकर असतो तो नर! (फराळाची ताटे सजवणाऱ्या घरोघरच्या सुगरणींनी रागावू नये.) भाताच्या, गवताच्या, माडाच्या पात्यांच्या लांब चिरफाळ्या काढून, शेकडो फेऱ्या घालून तो घर विणतो, आत ओल्या मातीचे गोळे चिकटवतो. नैर्ऋत्येचा पाऊस-वारा लागू नये म्हणून खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेकडच्या फांद्यांना टांगलेले असतात. एवढे कष्ट उपसून नर घर अर्धेच ठेवतो, उलट्या टोपीसारखे. मग माद्या येतात, घर पारखतात. पसंत पडले नाही तर मादी सरळ उडून जाते. पसंत पडले, तरच संसार जमतो; मग नर नळीसारखे दार विणून घर पुरे करतो.

सलीम अलींनी किहीमच्या सुगरणींवर महिनोन्‌महिने डोळा ठेवला, कोणते घर कोणाचे याच्या नोंदी केल्या, आणि तेव्हा एक वेगळीच गोष्ट उलगडली. मादी अंड्यांवर बसली, की हे महाशय शेजारी दुसरे घर विणायला घेतात आणि दुसरी मादी आली की तिच्याशी दुसरा संसार मांडतात. एकाच वेळी नव्हे, एकामागून एक! या निरीक्षणाने अभ्यासकांत त्यांचे नाव झाले. नोकरी राहिली असती, तर हा माणूस पावसाळाभर एका झाडाकडे पाहत बसलाच नसता.

यानंतर त्यांनी जी युक्ती काढली ती व्यवहारी माणसाला वेडेपणाचीच वाटेल. संस्थानिकांना त्यांनी कळवले: प्रवासाचा आणि छावणीचा खर्च द्या, मी तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी बिनपगारी करतो. हैदराबाद झाले, त्रावणकोर-कोचीन झाले. रानोमाळच्या त्या छावण्या चालल्या त्या तेहमिनाबाईंच्या जिवावर. बिनपगारी नवऱ्याच्या मागे तंबूतला संसार ओढणे म्हणजे काय, हे मराठी घरातल्या बायकांना वेगळे सांगायला नको. सलीम अलींच्या कर्तृत्वाच्या याद्या पुष्कळ छापल्या जातात. त्यांत या बाईंना एखादे वाक्य मिळते. मला तो अन्याय वाटतो. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींना अजून अठ्ठेचाळीस वर्षे जगायचे होते. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. बहीण आणि मेहुणे यांच्या घरी राहिले.

पुढचे यश सर्वांना ठाऊक आहे. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाती गेले; १९४५ मध्ये कैलास-मानसरोवरची वाट तुडवून झाली; रिप्ले यांच्याबरोबरचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मानसन्मानांपेक्षा मला एक लहानशी हकिकत अधिक मोलाची वाटते. सुगरणीचा एक दुर्मीळ भाऊबंद आहे, फिनची सुगरण. एकोणिसाव्या शतकात ह्यूमने तिची नोंद केली होती. पण कुमाऊंच्या तराईत ती अजून आहे की नाही, याचा पत्ता नव्हता. किहीमला सुगरण ओळखायला शिकलेल्या सलीम अलींनी ती तिथल्या गवताळ रानात पुन्हा हुडकून काढली. ती रानेच आता नांगराखाली आणि वस्तीखाली जात आहेत, आणि २०२१ पासून हा पक्षी जगाच्या संकटग्रस्त यादीत आहे.