मागावरून चुलीकडे

'सावजी भोजनालय' ही पाटी आमच्या गोंदिया जिल्ह्यात आता कुठंही दिसते. शहरात आहे, तिरोडा-आमगावला आहे, कोहमारा-देवरीच्या महामार्गावर तर ट्रकवाले ती पाटी बघूनच गाडी बाजूला घेतात. हा धंदा विणकरांच्या घरातून निघाला, हे ताटावर बसलेल्याला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

हे विणकर म्हणजे हलबा कोष्टी समाज. त्यांची वस्ती नागपुरात गोळीबार चौक, तांडापेठेकडे. आमच्या जुन्या भंडारा जिल्ह्यात पवनी-आंधळगावकडेही कोष्ट्यांचे माग चालत. (1 मे 1999 पर्यंत गोंदिया त्याच जिल्ह्यात होता.) लुगडं विणायला अख्खं घर लागायचं. पुरुष मागावर, बाई कांड्या भरायला, पोरं सुताच्या गुंत्यात. नागपुरात 1877 साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या आणि पुढं यंत्रमागाच्या कापडापुढं हातमागाची मजुरी टिकली नाही. मग कित्येक घरांनी पुढच्या खोलीत बाकडी टाकली आणि घरात शिजायचं तेच लोकांना वाढायला घेतलं.

तो स्वयंपाक बायांचा होता. सुकं खोबरं, खसखस, दगडफूल वेगवेगळं भाजायचं आणि पाट्यावर वाटायचं. रस्सा दाट व्हायला भाजलेलं ज्वारीचं पीठ. जवसाचं तेल धूर निघेपर्यंत तापवायचं, नाहीतर त्याचा कच्चा वास जेवणभर पाठ सोडत नाही. मटण महाग, म्हणून खूर आणि सुंदरी, म्हणजे आतडी, यांनाही तितक्याच निगुतीनं शिजवायचं. विणकराच्या खिशाला जे झेपलं त्यातून ही चव झाली. नुसतं 'लई तिखट' म्हणून ती उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो.

गरिबाच्या चुलीतून खानावळ निघणं हे काही आपल्याकडंच घडलं नाही. 1880 नंतरच्या चाळीसेक वर्षांत दक्षिण इटलीतून लाखो गरीब माणसं अमेरिकेला गेली. गावी मांस सणासुदीला मिळायचं, तिथं मजुरीत परवडू लागलं. मग टोमॅटोच्या रश्श्यातले मोठाले मांसगोळे स्पॅगेटीच्या ताटात आले. त्यांच्याही बाया आधी घरी राहणाऱ्या परक्या मजुरांना रांधून घालत; गल्लीबोळातली कौटुंबिक रेस्टॉरंटं अशा घरांतूनही उभी राहिली.

इकडं आमचं गोंदिया जंक्शनचं गाव. बंगाल-नागपूर रेल्वे इथून गेली, पुढं जबलपूरची छोटी लाईन निघाली. राइस मिलचे मजूर, विडीचे व्यापारी, गाडीची वाट बघणारे प्रवासी असल्यावर खानावळीला गिऱ्हाईक कमी पडत नाही. फक्त धानाच्या या मुलखात पोळीबरोबर भाताचा ढीगही लागतो. रस्सा भातावर घेतला की आतून हाक येते, "भाऊ, तर्री देऊ का अजून?" गल्ल्यावर मुलगा, वाढायला भाऊ, आणि मसाल्याचं प्रमाण आजही आई किंवा वहिनीच्या हातात, अशी घरं मी ओळखतो. पाटीवर मात्र या बायांचं नाव कधी येत नाही.

आता सावजी मसाल्याची पाकिटं मिळतात आणि ज्यांच्या घराण्यात कुणी माग पाहिला नाही तेही ही पाटी लावतात. धंदा करावा, त्याला माझी हरकत नाही. पण पाम तेलात लाल रंग तरंगवून त्याला तर्री म्हणू नये. जवस आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या पेरला जातो. घाण्यावरचं तेल महाग पडत असेल, तर ताटाचे दहा रुपये जास्त घ्या. खाणारा देईल.