कल्याण मटका आणि शर्यतीचे मैदान : महाराष्ट्रातील पैजेचा कायदा

डोंबिवलीशेजारील कल्याण शहराचे नाव 'कल्याण मटका' या शब्दप्रयोगामुळे आकड्यांच्या जुगाराशी जोडले जाते. वस्तुतः हे नाव शहरावरून नव्हे, तर १९६२ च्या सुमारास वरळी येथे मटका सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्यावरून पडले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील दरांवर लागणाऱ्या पैजांतून उगम पावलेला हा खेळ गिरणी कामगारांत रुजला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये तो गुन्हा होता.

याच कायद्यात घोड्यांच्या शर्यतींना मात्र अपवाद आहे. १९१२ च्या कायद्यान्वये परवाना मिळालेल्या मैदानावर, राखीव आवारात, शर्यतीच्या दिवशी लावलेली पैज जुगार ठरत नाही. १९२५ मध्ये अशा पैजेवर कर बसविणारा कायदा झाला.

राज्यघटनेने पैज व जुगार हा विषय राज्यसूचीत ठेवला. जुगार हा घटनासंरक्षित व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात ठरविले. १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात अश्वशर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधीच अमलात आला नाही. २०१८ मध्ये विधी आयोगाने नियमनाचा पर्याय मांडला. २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला.

या इतिहासावरून असे दिसून येते की, पैजेने होणाऱ्या हानीपेक्षा ती कोठे लागली, यालाच कायद्याने अधिक महत्त्व दिले. कामगाराची चिठ्ठी गुन्हा ठरली, मैदानावरील तिकीट महसूल ठरले. पैजेला मान्यता देण्याच्या कोणत्याही विचारास प्रथम या विषमतेचे उत्तर द्यावे लागेल.