पासपोर्टवरचे नाव दुरुस्त करताना : नगर जिल्ह्यातील कुटुंबांसाठी माहिती

हजचा किंवा उमराहचा विचार घरात निघाला की पहिल्यांदा कपाटातून पासपोर्ट बाहेर येतो. मग लक्षात येते की अम्मीच्या पासपोर्टवर नाव एक आणि आधारवर दुसरे. मुलगा दुबईला नोकरीला निघालेला असतो, त्याच्या दहावीच्या मार्कशीटवर 'मोहम्मद' पूर्ण असते आणि पासपोर्टवर नुसते 'एम-डी'. मुकुंदनगर असो, श्रीरामपूर असो की संगमनेर, ही तक्रार आम्ही इतक्या घरांत ऐकली आहे की एकदा सगळे एकत्र लिहून काढावे असे वाटले.

आधी चूक कुठून येते ते पाहू. आम्ही शिक्षक आहोत, त्यामुळे कबूल करायला हवे की बऱ्याचदा ती शाळेच्या जनरल रजिस्टरमधूनच येते. ज़ुबैदा हे नाव मराठीत नुक्ता न देता 'जुबेदा' लिहिले जाते. मराठी माणूस 'जहाज' म्हणताना जसा ज उच्चारतो तसाच तो इथेही वाचतो, त्यामुळे मराठीत काही बिघडत नाही. पण पुढे कोणीतरी त्या 'ज'चे इंग्रजी करतो आणि 'झेड'च्या जागी 'जे' बसतो. रिज़वानचा 'रिजवान' होतो, फ़ैज़च्या शेवटी 'जे' लागतो. वडिलांच्या पासपोर्टवर 'झेड', मुलाच्या दाखल्यावर 'जे'. शेखचे तर तीन-चार स्पेलिंग एकाच घरात सापडतात, सय्यदचेही तसेच. दाखला भरताना आम्ही स्वतःही अशी चूक केली आहे. त्या विद्यार्थ्याचे वालिद दहा वर्षांनी शाळेत आले, तेव्हा त्या एका अक्षराची किंमत कळली.

दुसरी गोष्ट नावाच्या रचनेची. आपल्याकडे शाळेत आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टमध्ये मात्र दोनच रकाने असतात : दिलेले नाव आणि आडनाव. आपल्या कितीतरी बायकांच्या जुन्या कागदांवर आडनावच नाही, नुसते 'हलिमाबी' किंवा 'रशीदा बेगम'. अशा वेळी आडनावाचा रकाना रिकामा राहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटन व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा हा प्रश्न एकदम समोर आला. नंतर खुलासा झाला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर चालेल. तरीही रकाना रिकामा असेल तर प्रवास ठरण्याआधीच तो भरून घेतलेला बरा. विमानतळावर वाद घालून उपयोग नसतो.

आता प्रत्यक्ष काम. पासपोर्टवर खाडाखोड करून दुरुस्ती होत नाही. नवा पासपोर्ट मिळतो, त्याला 'रीइश्यू' म्हणतात आणि त्याचा नंबरही नवा असतो. अर्ज पासपोर्ट सेवाच्या सरकारी संकेतस्थळावरच करायचा : पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. तशाच दिसणाऱ्या खोट्या साइट बऱ्याच आहेत, त्या जास्त पैसे घेतात, म्हणून पत्ता नीट पाहून टाईप करा. अर्जात रीइश्यू निवडून कारण म्हणून वैयक्तिक तपशिलात बदल निवडायचा आणि काय बदलायचे आहे त्यावर खूण करायची. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, ६० पानीची २००० रुपये. तत्काळ हवा असेल तर वर आणखी २००० रुपये. फी भरली की अपॉइंटमेंट मिळते. आपला जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, पण नगरच्या पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी पुण्याची एसटी पकडावी लागत नाही. काही अडले तर १८००-२५८-१८०० हा टोल फ्री नंबर आहे.

कागद कोणते लागतील हे बदल किती मोठा आहे त्यावर ठरते. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर ज्या सरकारी कागदांवर नाव बरोबर आहे ते दाखवायचे. नाव पूर्ण बदलत असेल तर प्रतिज्ञापत्र आणि दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिरातीची कात्रणे, किंवा राजपत्रातली नोंद. आमचे मत विचाराल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव छापून घेणेच चांगले. ते काम ऑनलाइन होते, आणि राजपत्राची प्रत पुढे बँक, पॅन, शाळा, सगळीकडे चालते. वर्तमानपत्राचे कात्रण पाच वर्षांनी पिवळे पडते. संकेतस्थळावर 'डॉक्युमेंट ॲडव्हायजर' नावाची सोय आहे. तिथे आपली परिस्थिती भरली की कागदांची यादी समोर येते. ती छापून घ्या आणि तिच्याप्रमाणे फाईल लावा. मूळ कागद, त्यांच्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स आणि जुना पासपोर्ट, त्याच्या पहिल्या व शेवटच्या पानांच्या झेरॉक्ससह, सोबत हवा.

लग्नानंतरच्या नावाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. निकाह झाला म्हणून नाव बदललेच पाहिजे असे ना कायद्यात आहे, ना शरीयतमध्ये. मुलीने वडिलांचे नाव कायम ठेवले तर तिचा पासपोर्ट तसाच चालतो. आपल्या भागात मात्र सासरचे नाव लावायची पद्धत आहे, ती मराठी रीत आपल्याकडे आली आहे, आणि ज्यांना लावायचे त्यांनी जरूर लावावे. फक्त अर्धे कागद माहेरचे आणि अर्धे सासरचे अशी अवस्था करून ठेवू नये. नाव बदलायचे असेल तर लग्नाचा दाखला सगळ्यात सोपा. उर्दूतला निकाहनामा जपून ठेवाच, पण तो सरकारी विवाह नोंदणीचा दाखला नव्हे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाह नोंदणी होते. शहरात महानगरपालिका किंवा नगरपालिकेत जायचे, गावात ग्रामसेवकाकडे. नोंदणीच्या अर्जावर निकाह पढवणाऱ्या काझींची आणि साक्षीदारांची सही लागते, म्हणून हे काम निकाहनंतर लगेच उरकावे. वीस वर्षांनी काझीसाहेब हयात असतीलच असे नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम बरेच सैल केले, ते अजून अनेकांना माहीत नाहीत. आई-वडिलांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते. घटस्फोटित किंवा विभक्त अर्जदाराला जोडीदाराचे नाव देण्याची सक्ती नाही. मंत्रालयाच्या नमुन्यातली निवेदने साध्या कागदावर स्वतःच्या सहीने देता येतात. एकट्या आईने मुलांना वाढवले आहे अशा घरांसाठी हा मोठा दिलासा आहे.

लिंगाच्या रकान्यातही चुका होतात. शमीम, नसीम, कौसर ही नावे पुरुषांचीही असतात आणि बायकांचीही, त्यामुळे फॉर्म भरणारा अंदाजाने खूण करतो. ही चूकही रीइश्यूनेच दुरुस्त होते. अर्जात पुरुष आणि स्त्रीबरोबर तृतीयपंथी असाही पर्याय आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये त्यांची ओळख मान्य केली, त्यानंतर २०१९ चा कायदा आला आणि त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. आपल्या मोहल्ल्यातही अशी माणसे राहतात, त्यांच्या कागदांसाठी कोणी धावत नाही. जवळच्या कोणाला गरज असेल तर अर्ज भरायला मदत करा.

एक क्रम मात्र पाळा. पासपोर्ट सगळ्यात शेवटी. आधी जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, मग आधार, मग पॅन, मग पासपोर्ट. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, लिंग एकदाच. घाईत सेतू केंद्रावर चुकीचे स्पेलिंग टाकले तर दोनपैकी एक संधी गेली. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती माध्यमिक शाळा संहितेच्या नियमाप्रमाणे शिक्षण विभागाच्या परवानगीने होते. मूल शाळेत असतानाच करून घेतली तर ती सोपी जाते. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. तेव्हा दवाखान्यातून नोंद जाताना बाळाच्या आई-वडिलांच्या नावाचे स्पेलिंग कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका.

'जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, मग पासपोर्ट बदलायचा का?' असे खूप जण विचारतात. नाही. जन्मस्थान म्हणून अहमदनगर छापलेला पासपोर्ट त्याची मुदत संपेपर्यंत चालतो. एवढ्यासाठी कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

एजंटचाच विषय निघाला म्हणून सांगतो, 'काहीतरी करून बसवून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२ प्रमाणे जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सही अर्जदाराची असते, एजंटची नाही. पूर्वी दुसऱ्या नावाने पासपोर्ट काढलेला असेल तर तो लपवू नका, अर्जात लिहा.

नवा पासपोर्ट हातात आला की जुना रद्द करून परत मिळतो. तो फेकू नका. त्यावर चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवावे लागतात. सौदीत किंवा आखातात नोकरीला असलेल्यांनी कंपनीला आणि इकामाच्या नोंदीत नवा नंबर कळवायचा आहे. हजचा अर्ज भरायचा असेल तर ही सगळी दुरुस्ती अर्ज सुरू होण्याच्या निदान चार-पाच महिने आधी हाती घ्या, कारण पोलीस पडताळणी पुन्हा होऊ शकते आणि त्या दिवशी तुम्ही पत्त्यावर घरी सापडायला हवे.