ऑईल इंजिनाचे तेल आणि ताप



बैलगाडीच्या आसाला वंगण घालताना ते ओघळून जाऊ नये एवढेच आपण पाहतो. त्यावरून ‘जितके दाट तितके चांगले’ अशी समजूत रूढ झाली. नीराकाठच्या बावड्यासारख्या गावी कुणी मोटेच्या जागी आलेले जुने ऑईल इंजिन नव्याने बांधून घेतले, तर ही समजूत त्याला महागात पडेल. ऐन पाण्याच्या पाळीला इंजिन जाम झाले, की उभे पीक वाळते.

रुडॉल्फ डीझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. हवा इतकी दाबायची, की ती तापून फवारलेले इंधन आपोआप पेटावे, ही त्याची युक्ती. म्हणजे ताप हाच या यंत्राचा प्राण. पण त्यातला बराचसा ताप धुरात, पाण्यात आणि लोखंडात जातो. तो वाहून नेणे हेही तेलाचेच काम, आणि आसाच्या वंगणाला ते कधी करावे लागले नाही. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि हे शास्त्र आपल्या विहिरीपर्यंत आले.

पूर्वी विमानांच्या व शर्यतीच्या मोटारींच्या इंजिनांत आपले एरंडेलही वापरीत. तापात ते टिके खरे, पण मागे चिकटा ठेवी. पुढे खनिज तेलाचा जम बसला. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली दाटपणाप्रमाणे तेलांची वर्गवारी सुरू केली. डब्यावरचा ३० किंवा ४० हा आकडा त्याच परंपरेतला. आकडा मोठा म्हणजे तेल दाट, उत्तम असे नव्हे. फार दाट तेल पहाटेच्या गारठ्यात सांध्यापर्यंत वेळेवर पोचत नाही. फार पातळ असले, तर तापल्यावर त्याचा पापुद्रा तुटतो आणि लोखंडावर लोखंड घासते. म्हणून कारखान्याच्या पुस्तकात दिलेला आकडाच घ्यावा.

इंजिनात नव्या रिंगा व नवा लायनर बसवला असेल, तर पहिले काही तास बेताचा भार द्यावा. एकदम पूर्ण भार नको, आणि नुसते रिकामे चालवणेही नको. रिंगा घासून नीट बसत नाहीत. मग तेल गरम असतानाच काढून टाकावे, म्हणजे झिजलेल्या लोखंडाची पूडही निघून जाते.

आता पाण्याच्या टाकीकडे या. गरम पाणी वर चढते, थंड पाणी खालून येते. पंप नसला तरी फेरा चालू राहतो. मात्र टाकीतले पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेले, की हा फेरा तुटतो. तेव्हा घाबरून तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, हेड तडकते. भार काढावा, इंजिन बंद करून निवू द्यावे, मगच पाणी भरावे.

शाळेत गुरुजींनी हे डीझेलच्या इतिहासासोबत सांगितले, तर मुले घरी जाऊन टाकीत आधी डोकावतील. इंजिन वाचवायला तेवढे पुष्कळ आहे.