गांवची खोली

भाड्याचें घर हा विषय इतिहासाच्या प्रांतांत बसत नाहीं, असें कित्येकांस वाटेल. लढाया, तह आणि राज्यारोहणें यांपुढें खोलीभाड्याचा हिशेब क्षुद्र दिसतो खरा. परंतु सामान्य माणसें पिढ्यान्‌पिढ्या कोठें आणि कशीं निजलीं, हें ज्या इतिहासास सांगतां येत नाहीं, तो आम्हांस अपुराच वाटतो.

पोलादपुराहून आंबेनळी घाटाकडे जातांना कापडे लागतें. डोंगरउतारावरची नाचणी आणि खाचरांतलें भात यांवर या खोऱ्यांतील कुटुंबाचें वर्ष निभणें कठीण. म्हणून घरांतला कर्ता पुरुष मुंबईची वाट धरी. सावित्रीच्या खाडीनें बाणकोट आणि तेथून बोटीनें मुंबई, असा तो जुना मार्ग. ओळखीच्या जॉबरच्या शब्दावर गिरणींत काम मिळे. निजावयास जागा मिळणें मात्र त्याहून अवघड होतें.

ही अडचण कोंकणच्या व घाटावरच्या माणसांनीं स्वतःच सोडविली. एका गांवच्या लोकांनीं मिळून गिरणगांवांतील चाळींत एक खोली घ्यावयाची, भाडें वर्गणीनें भरावयाचें, जेवण खाणावळींत घ्यावयाचें. खोलींत प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक पेटी आणि एक वळकटी. दिवसपाळीचा माणूस बाहेर पडला कीं रातपाळीचा त्याच्या जागीं आडवा होई. नवा पोरगा गांवाहून आला, तर नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडे कोणी वर्गणी मागत नसे. आजारी पडलेल्याची शुश्रूषा येथेंच होई आणि गांवच्या देवळाची वर्गणीही येथेंच जमे.

या व्यवस्थेचें कौतुक करावें तेवढें थोडें. पण इतिहासकारानें कौतुकापाशीं थांबूं नये. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीनें १९२१-२२ सालीं कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी करून १९२३ मध्यें अहवाल प्रसिद्ध केला. शेकडा ९७ कुटुंबें एकाच खोलींत राहत होतीं आणि खर्चापैकीं शेंकड्यास आठांच्या आसपासच रक्कम भाड्यांत जात होती, असें त्यांत दिसतें. नुसता दुसरा आंकडा पाहणारा म्हणेल, घर किती स्वस्त होतें! दोन्ही आंकडे एकत्र ठेवले म्हणजे अर्थ उलगडतो. जें भाडें रुपयांत देणें परवडत नव्हतें, तें माणसें हवा, उजेड आणि एकांत यांच्या रूपानें देत होतीं. गांवच्या खोलींतल्या माणसाच्या भाड्याचा मोठा हिस्सा तर गांवीं राहिलेली त्याची बायको भरीत होती. वर्षाचे अकरा महिने ती एकटीनें शेत, सासूसासरे आणि मुलें सांभाळी.

सरकारचें लक्ष या दाटीकडे वेधलें तें १८९६ च्या प्लेगनें. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें लॉर्ड लॉईड गव्हर्नर असतां, १९२० नंतर डेव्हलपमेंट खात्यानें पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें २०७ चाळी आणि सोळा हजारांवर खोल्या उभ्या राहिल्या. नवल असें कीं, आरंभीं त्यांतल्या पुष्कळशा रिकाम्याच पडल्या! बांधकाम महाग, म्हणून भाडें जड. जवळच्या जुन्या चाळींत दाटी आणि नव्या चाळींत शुकशुकाट, हें दृश्य पाहून ‘घरांची टंचाई’ या शब्दाचा खरा अर्थ कळतो. टंचाई नुसत्या भिंतींची नव्हती. परवडणाऱ्या भिंतींची होती.

मग कायद्यानें भाडेंच बांधून टाकिलें. १९१८ चा युद्धकालीन निर्बंध पहिला. १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० चें भाडें प्रमाण मानलें. भाडेकरूस अभय मिळालें, हा मोठाच लाभ होय. परंतु ज्या भाड्यांत कौलही फिरवितां येईना, त्या भाड्यावर मालकानें दुरुस्ती सोडली. कायद्यास मंजूर नसलेली पागडी मागल्या दारानें आली आणि नव्या माणसास दार बंद झालें. अखेर १९६९ सालीं मोडकळलेल्या इमारतींसाठीं दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें तर पागडी राजरोस मान्य केली.

आतां काळाचें चक्र पाहा. ज्या खोऱ्यांतून माणसें खोलीच्या शोधांत मुंबईस गेलीं, तेथेंच, महाडच्या औद्योगिक वसाहतीभोंवतीं, आज दूरदेशींचीं माणसें खोली शोधीत येतात. अनामत, अकरा महिन्यांचा करार आणि भागीदारीचें भाडें यांची चर्चा बिरवाडीच्या बाजूसही चालते. आणि त्याच महाडांत २४ ऑगस्ट २०२० रोजीं काजळपुऱ्यांतील पांच मजल्यांची एक इमारत कोसळून १६ माणसें दगावलीं. ती कांहीं शतकापूर्वींची चाळ नव्हती. तिला एक तपही पुरें झालें नव्हतें.

म्हणून घर पाहावयास निघालेल्या तरुणास आम्ही एवढेंच सांगूं. भाडें किती हें विचाराच. पण त्या आंकड्यांत न मावलेलें भाडें कोण आणि कशानें भरणार आहे, हेंही विचारा. गांवच्या खोलींतले लोक निदान तें आपसांत वांटून घेत असत.