‘अरे ओ सांबा, कितने आदमी थे?’ : न बोललेल्या वाक्याचा इतिहास

१/१४
१५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला. गब्बरसिंगचे गाजलेले वाक्य कोणते, असे विचारले की अनेकांच्या तोंडी ‘अरे ओ सांबा, कितने आदमी थे?’ हेच येते. मात्र संपूर्ण चित्रपटात गब्बर हे वाक्य कोठेही उच्चारत नाही. जे घडलेच नाही ते असंख्य लोकांना एकसारखे कसे आठवते आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातून काय घ्यावे, याविषयी हा धागा. #इतिहास #धागा

२/१४
मूळ प्रसंग असा. रामगढहून रिकाम्या हाताने परतलेल्या तीन साथीदारांना गब्बर विचारतो, ‘कितने आदमी थे?’ उत्तर देतो कालिया, म्हणजेच मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटांत गाजलेले विजू खोटे. खडकावर बसलेल्या सांबाला त्यानंतर निराळाच प्रश्न येतो : सरकारने आपल्यावर इनाम किती ठेवले आहे? दोन माणसांना विचारलेले दोन प्रश्न लोकस्मृतीने एका ओळीत जोडून टाकले.

३/१४
मूळ संवाद दुर्मीळ होते, असेही नाही. पॉलिडोर कंपनीने ‘शोले’च्या संवादांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली होती आणि ती अफाट खपली. तरीही चूक रुजली. याचे एक कारण वाक्याच्या वापरात दिसते. प्रसंगातून सुटे केलेले ‘कितने आदमी थे?’ कोणीही कोणालाही विचारू शकतो. त्याला ‘सांबा’ हे नाव जोडले की बोलणारा गब्बरच, हे ऐकणाऱ्याला तत्काळ कळते. नक्कल करणाऱ्याची ती गरजच असते.

४/१४
हीच क्रिया हॉलिवूडमध्येही घडली. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) या चित्रपटात डार्थ व्हेडर ‘ल्यूक, मी तुझा पिता आहे’ असे म्हणतो, ही समजूत जगभर आहे. प्रत्यक्षात तो ल्यूकचे नाव न घेता ‘नाही, मीच तुझा पिता आहे’ अशा अर्थाचे वाक्य बोलतो. येथेही प्रसंगाबाहेर वाक्य ओळखता यावे म्हणून नाव आत शिरले. ‘सांबा’ आणि ‘ल्यूक’ एकाच वाटेने आले.

५/१४
अशा सामायिक चुकीच्या आठवणींना आज ‘मंडेला इफेक्ट’ म्हणतात. २००९च्या सुमारास फिओना ब्रूम या अमेरिकी लेखिकेने हे नाव रूढ केले. नेल्सन मंडेला १९८०च्या दशकात तुरुंगातच वारले, अशी तिची ठाम आठवण होती आणि तशीच आठवण सांगणारे इतरही लोक तिला भेटले. या जुळणीचा अर्थ काहींनी थेट समांतर विश्वांपर्यंत नेला.

६/१४
कागदोपत्री इतिहास मात्र निःसंदिग्ध आहे. २७ वर्षांच्या कारावासानंतर ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला मुक्त झाले. त्याच वर्षी भारताने त्यांना ‘भारतरत्न’ दिले. १० मे १९९४ रोजी ते दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि ५ डिसेंबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले.

७/१४
मग ही आठवण आली कोठून? एक स्पष्टीकरण असे दिले जाते : वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांचा १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि १९८७ साली त्यांच्यावरील ‘क्राय फ्रीडम’ हा चित्रपट अनेक देशांत पाहिला गेला. दूरच्या देशातील दोन कृष्णवर्णीय नेते, दोघेही कैदेत. ज्यांना त्या लढ्याची माहिती जुजबी होती, त्यांच्या मनात एकाचा मृत्यू दुसऱ्याच्या नावे जमा होणे अवघड नव्हते.

८/१४
चित्रे आणि बोधचिन्हे यांच्या बाबतीत हा प्रकार प्रयोगाने तपासला गेला आहे. २०२२ साली शिकागो विद्यापीठातील दीपाश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १०० जणांना ४० परिचित चिन्हे आणि पात्रे दाखवण्यात आली. प्रत्येकाच्या तीन आवृत्त्या होत्या, त्यांपैकी एकच खरी. ७ चित्रांबाबत लोकांनी मोठ्या प्रमाणात एकच ठरावीक चुकीची आवृत्ती निवडली, तीही आत्मविश्वासाने.

९/१४
त्या सातांपैकी तीन उदाहरणे पाहा. ‘व्यापार’ ज्या धर्तीवर खेळला जातो, त्या मोनोपॉली खेळातील मिशीवाल्या शेठजींना एका डोळ्याची काच आठवते. ती त्यांच्याकडे नाही. पिकाचूच्या शेपटीचे टोक काळे आठवते. काळी आहेत ती त्याच्या कानांची टोके. ‘फ्रूट ऑफ द लूम’ या कपड्यांच्या ब्रँडच्या चिन्हात फळांमागे शिंगाच्या आकाराची टोपली आठवते. चिन्हात केवळ फळे आणि पाने आहेत.

१०/१४
केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली याची एक किल्ली दिली. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांना पुन्हा पुन्हा सांगायला लावली. दर खेपेला अनोळखी तपशील गळत गेले आणि ओळखीचे आत आले. उंची टोपी घातलेल्या श्रीमंताला काच शोभते, म्हणून स्मृती ती बसवते. तथापि पिकाचूच्या शेपटीला काळे टोक का, असे प्रश्न उरतातच. २०२२च्या अभ्यासातही सर्व चुकांना पुरेल असे एकच कारण हाती लागले नाही.

११/१४
येथवर गंमत. आता गंभीर उदाहरण. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी ॲमस्टरडॅममध्ये एल अल कंपनीचे मालवाहू विमान रहिवासी इमारतीवर कोसळले आणि ४३ जण मृत्युमुखी पडले. धडकेच्या क्षणाचे चित्रण दूरचित्रवाणीवर कधीच दाखवले गेले नाही, कारण तसे चित्रणच नव्हते. पुढे डच संशोधकांनी ‘ते चित्रण पाहिले का?’ असे विचारले, तेव्हा ५५ टक्के लोकांनी होकार दिला. बातम्या, गप्पा आणि कल्पना यांतून तयार झालेले दृश्य त्यांनी ‘पाहिलेले’ मानले. प्रश्नानेच दृश्य अस्तित्वात आहे, असे सुचवले होते.

१२/१४
म्हणून सगळ्या तोंडी साक्षी टाकाऊ ठरतात का? इटलीतील तेर्नी शहर याचे उत्तर देते. १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी निदर्शनात लुईजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना मात्र अनेक कामगारांनी हा मृत्यू १९५३च्या कामगारकपातीच्या लढ्यात घडल्याचे सांगितले. मृत्यू खरा, काळ चुकीचा. शहराला ज्या जखमेचा सल अधिक होता, तिच्याशी स्मृतीने हुतात्म्याला जोडले. पोर्तेल्ली यांनी ही चूकच इतिहासाचे साधन मानली.

१३/१४
महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाला हा पेच नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो समकालीन अस्सल पत्रांचा. घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिलेल्या बखरींवर विसंबण्यास त्यांचा विरोध होता. समजा, पाच बखरींत एकच हकीकत आहे आणि चौघांनी ती पहिल्याकडून उतरवली आहे, तर साक्षीदार पाच नव्हेत, एकच. ‘अरे ओ सांबा’ म्हणणारे असंख्य लोकही असेच एकमेकांचे लेखनिक आहेत.

१४/१४
‘सर्वांना आठवते’ हा पुरावा वाटतो, कारण एवढे लोक एकत्र चुकणार नाहीत असे गृहीत धरले जाते. ते एकमेकांकडून ऐकत असतील, तर एकत्रच चुकतात. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत : ही आठवण प्रथम कधी नोंदली गेली? साक्षी परस्परांपासून स्वतंत्र आहेत का? घटनेच्या काळातले साधन काय सांगते? ‘शोले’चे साधन आजही सहज उपलब्ध आहे. तो प्रसंग पुन्हा पाहावा आणि गब्बर प्रश्न विचारताना कोणाकडे पाहतो, ते नीट लक्षात घ्यावे.