परसातली पिवळी कर्दळ

कोल्हापूरच्या जुन्या घरांच्या परसात मोरीच्या पाण्यावर पुरुषभर वाढणारी पिवळी कर्दळ अस्सल इथलीच, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. तिचे रानटी भाऊबंद सगळे अमेरिका खंडातले. अँडीज पर्वतात एका कर्दळीचे कंद हजारो वर्षे खाल्ले जातात. म्हणजे मिरची-पेरूप्रमाणे तीही 1498 नंतर समुद्रमार्गे आली असणार. कुणी म्हणेल, ओढ्याकाठी ती आपोआप उगवते, मग परकी कशी? पण छऱ्यासारखे कठीण बी आणि जमिनीखालचा कंद असला की झाड नव्या मुलखातही सहज रुजते. मोठ्या फुलांचे बागेतले वाण तर 19व्या शतकात फ्रान्समध्ये संकरातून घडू लागले. पंचगंगेकाठचा धो-धो पाऊस सोसून ती टिकली ती कंदामुळे, आणि गड्डा फोडून शेजारणीला देणाऱ्या बायकांमुळेही. रोपवाटिका फार नंतरच्या.